घोड्यावर बसून लढायचं कसं: डी अँड डी फाइव्ह ईचे नियम, आणि पुस्तक गप्प बसतं तिथे काय करायचं

डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा गोष्टीचा गेम, आणि फाइव्ह ई म्हणजे त्याची पाचवी एडिशन. आमच्या टेबलावर एका प्लेअरने तीन सेशन पैसे साठवून ४०० सोन्याच्या नाण्यांचा वॉरहॉर्स घेतला, त्याला नाव ठेवलं, कॅरेक्टर शीटच्या मागे पेन्सिलने त्याचं चित्र काढलं, आणि पहिल्याच लढाईत ऐटीत म्हणाला, "मी लान्स मारतो आणि माझा घोडा लाथ मारतो." (लान्स म्हणजे घोडेस्वाराचा लांब भाला.) डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि नियम लावणारा, मी. म्हटलं थांब, बघतो. मग पुस्तक उघडलं, मोबाइल उघडले, कोणीतरी उठून चहा टाकला, वीस मिनिटं गेली आणि निष्कर्ष असा निघाला की नाही, घोडा लाथ मारू शकत नाही, निदान तू त्याला चालवतोयस तोपर्यंत तरी नाही. बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता.

बहुतेक टेबलांवर इथेच घोडं पेंड खातं. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनमध्ये घोडेस्वारीचे नियम जेमतेम अर्ध्या पानाचे आहेत. गंमत म्हणजे या गेमचं मूळच १९७१ च्या चेनमेल नावाच्या मध्ययुगीन लढायांच्या गेममध्ये आहे, तिथे घोडदळ ही मोठी गोष्ट होती, १९७४ मध्ये त्यातूनच हा गेम आला, आणि आता घोड्याच्या वाट्याला अर्धं पान. त्या अर्ध्या पानात जे आहे ते सोपं आहे, त्रास होतो तो त्यात जे नाहीये त्याचा.

मी खाली जे लिहितोय ते २०१४ च्या नियमांवर आहे कारण आम्ही अजून तेच खेळतो, २०२४ च्या पुस्तकात जिथे मोठा फरक आहे तिथे सांगेन.

आधी एकच गोष्ट डोक्यात बसवा, बाकी सगळं त्यातून निघतं: या गेममध्ये घोडा म्हणजे तुमचं दुसरं हत्यार नाही, घोडा म्हणजे तुमचे पाय. तुमचा स्पीड, म्हणजे एका टर्नला (पाळीला) चालता येणारं अंतर, ३० फूट, घोड्याचा ६०. तुम्ही त्या ६० फुटांसाठी पैसे मोजलेत, लाथेसाठी नाही.

कोणावर बसता येतं

प्राणी राजी पाहिजे, तुमच्यापेक्षा निदान एक साइझ मोठा पाहिजे, आणि त्याच्या अंगाची ठेवण बसण्यासारखी पाहिजे. बास. म्हणजे माणूस, एल्फ, ड्वॉर्फ हे मीडियम, त्यांना लार्ज प्राणी लागतो: घोडा, उंट, ग्रिफन (पंखवाला काल्पनिक प्राणी). हाफलिंग आणि नोम या बुटक्या जमाती स्मॉल, त्यांना मीडियम चालतो: पोनी, खेचर, किंवा मास्टिफ कुत्रा. (हो, दर ग्रुपमध्ये एकजण विचारतोच की हाफलिंग पार्टीतल्या (खेळाडूंच्या टोळीतल्या) बार्बेरियन लढवय्याच्या खांद्यावर बसला तर चालेल का. बार्बेरियन राजी असेल तर नियमात अडत नाही, खांदा बसण्याजोगा आहे की नाही ते डीएमने ठरवायचं. मी एकदा हो म्हणालो आणि पुढची चार सेशन तेच चालू होतं.)

चढायला किंवा उतरायला तुमचा अर्धा स्पीड खर्च होतो, स्पीड ३० असेल तर १५ फूट. प्राणी ५ फुटांच्या आत पाहिजे आणि हे एका चालीत एकदाच करता येतं. अ‍ॅक्शन लागत नाही (म्हणजे टर्नमधलं तुमचं एक मुख्य काम, मारणं वगैरे), हे बरेच जण विसरतात. आता याचा त्रास कुठे होतो बघा: तुम्ही घोड्यावरून पडलात, प्रोन (आडवे) झालात, तर उठायला अर्धा स्पीड, परत चढायला अर्धा स्पीड, म्हणजे तुमची सगळी चाल उठून चढण्यातच गेली. पण घोड्याची चाल शिल्लक असते! ताब्यातला घोडा तुम्ही ज्या टर्नला चढलात त्याच टर्नला पळू शकतो. त्यामुळे पडलात तरी घोडा शेजारी उभा असेल तर एवढं काही बिघडत नाही, उठा, चढा, टाच मारा, निघा. घोडा शेजारी नसेल तर मात्र पायी लढा.

ताब्यातला घोडा आणि स्वतःच्या मर्जीचा घोडा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि यातच सगळ्यांची गल्लत होते.

शिकवलेला प्राणी असेल, म्हणजे घोडा, गाढव वगैरे पाळीव, तर तुम्ही त्याला ताब्यात ठेवून चालवू शकता. मग त्याचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) तुमचाच होतो, तो तुम्ही म्हणाल तिकडे जातो, आणि अ‍ॅक्शन म्हणून त्याला तीनच गोष्टी करता येतात: डॅश (दुप्पट पळणं), डिसएन्गेज (मार न खाता शत्रूपासून सुटणं), डॉज (वार चुकवणं). लाथ नाही, चावा नाही, तुडवणं नाही. वॉरहॉर्सच्या स्टॅट ब्लॉकमध्ये (प्राण्याच्या आकड्यांच्या चौकटीत) ट्रॅम्पलिंग चार्ज लिहिलेलं असतं, २० फूट सरळ पळत येऊन टाप लागली की समोरच्याने डीसी १४ चा स्ट्रेंग्थ सेव्ह करायचा (वीस बाजूंचा फासा टाकून, त्यात ताकदीचा आकडा मिळवून १४ गाठायचे) नाहीतर आडवा, ते वाचून लोक घोडा घेतात आणि ते तुम्हाला ताब्यात ठेवून वापरताच येत नाही. तोच माझ्या प्लेअरचा पोपट झाला.

दुसरा पर्याय म्हणजे लगाम सोडून द्यायचा. मग घोडा स्वतःच्या इनिशिएटिव्हवर, स्वतःच्या मनाने वागतो. त्याच्यावर अ‍ॅक्शनचं बंधन नाही, तो लाथ मारेल, तुडवेल, पण तो घाबरून पळूनही जाईल, किंवा तुम्हाला पाठीवर घेऊन भलत्याच ऑर्कच्या (राक्षसी शत्रूच्या) मागे लागेल, कारण त्याला चालवतोय डीएम. आणि इनिशिएटिव्ह वेगळा असल्याचा तोटा कागदावर दिसत नाही तो टेबलावर दिसतो: तुमचा टर्न १७ ला, घोड्याचा ८ ला, तुमचा टर्न आला तेव्हा शत्रू ४० फूट लांब, तुम्ही काय करणार, उतरून पळणार? मग ८ ला घोडा तिथे जातो, लाथ मारतो, आणि तुम्ही नुसते पाठीवर बसून बघता. ड्रॅगनसारखे हुशार प्राणी कायम असेच, स्वतंत्र. त्यांना लगाम घालायचा विचार करू नका, त्यांच्याशी बोला.

माझं मत, ९० टक्के वेळा ताब्यातलाच घोडा बरा.

घोडा कोणता घ्यायचा आणि किती खर्च येतो

रायडिंग हॉर्स ७५ सोन्याचा, स्पीड ६०, एचपी (हिट पॉइंट, जीव किती) १३, एसी (आर्मर क्लास, वार लागायला गाठायचा आकडा) १०. वॉरहॉर्स ४००, स्पीड तोच ६०, एचपी १९, एसी ११. म्हणजे ताब्यात ठेवून चालवणार असाल तर सव्वातीनशे जास्त देऊन तुम्हाला मिळाले ६ एचपी आणि १ एसी! कारण त्याची ती भारी टाप तुम्ही वापरणारच नाही आहात. सुरुवातीच्या लेव्हलला माझा सल्ला रायडिंग हॉर्स घ्या आणि उरलेल्या पैशांचं त्याला चिलखत घाला. (काही डीएम म्हणतात की रायडिंग हॉर्स लढाईत बुजतो, नियमात तसं कुठे लिहिलेलं नाही, पण आधी विचारून घ्या.)

चिलखत म्हणजे बार्डिंग. माणसाच्या चिलखताच्या चौपट किंमत आणि दुप्पट वजन. स्केल मेल माणसाला ५० तर घोड्याला २००, आणि वॉरहॉर्सचा एसी त्याने १५ होतो. चेन मेल ३०० ला, एसी १६. प्लेट ६००० ला, एसी १८, ते राजेलोकांसाठी सोडा. ११ वरून १५ हा फरक मोठा आहे, कारण गॉब्लिनचा बाण +४ ने येतो (फाशात ४ मिळवायचे), म्हणजे एसी ११ ला फासा ७ किंवा वर पडला की लागतो आणि एसी १५ ला ११ लागतात.

खोगीर साधं १० ला, मिलिटरी सॅडल २० ला. मिलिटरी सॅडलच घ्या. यात एक मजेशीर गोची आहे, सॅडलच्या वर्णनात लिहिलंय की घोड्यावर टिकून राहण्याच्या चेकवर अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा, उलट म्हणजे डिसॲडव्हान्टेजला लहान), आणि घोडेस्वारीचा नियम पडू नये म्हणून मागतो सेव्ह. चेक आणि सेव्ह या गेममध्ये दोन वेगळ्या गोष्टी, म्हणजे अक्षरशः वाचलं तर २० नाण्यांचं खोगीर काहीच कामाचं नाही. असला कीस काढणारा डीएम मला भेटलाय, त्याच्या टेबलावर मी दोनच सेशन टिकलो. सरळ सेव्हवर अ‍ॅडव्हान्टेज द्या आणि पुढे चला.

दाणापाणी दिवसाला ५ तांब्याची नाणी, तबेला ५ चांदीची. हे आम्ही पहिले दोन आठवडे लिहितो आणि मग विसरतो, सगळेच विसरतात.

लढायचं कसं, आता खरी मजा

लान्स घ्या. १० सोन्याची, १डी१२ (बारा बाजूंचा एक फासा) डॅमेज, आणि रीच, म्हणजे १० फुटांवरून लागते. घोड्यावर असताना ती एका हाताने धरता येते, दुसऱ्या हातात ढाल. म्हणजे ढालीचा +२ एसी हातात ठेवून डी१२, पायी लढणाऱ्याला हे मिळत नाही. तोटा: ५ फुटांच्या आतल्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि जमिनीवर आलात की ती दोन्ही हातांनी धरावी लागते, ढाल उतरवायला एक अख्खी अ‍ॅक्शन जाते, त्यामुळे कमरेला तलवार पाहिजेच. २०२४ मध्ये लान्स बदलली आहे, १डी१०, जवळच्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज नाही, पण हेवी झाल्यामुळे स्ट्रेंग्थ १३ च्या खाली असेल तर त्रास.

आता खेळी बघा. समोर एक ऑर्क, ४० फुटांवर. बरेच जण काय करतात, घोडा थेट अंगावर घालतात, ऑर्कच्या शेजारी जाऊन थांबतात, मारतात, आणि मग तिथेच अडकून मार खातात. असं करायचं नाही. घोडा ३० फूट पुढे घ्या म्हणजे ऑर्क १० फुटांवर राहील, लान्स मारा, घोड्याचे ३० फूट उरलेत, मागे या. ऑर्कचा हात पोचतो ५ फूट, तुम्ही त्याच्या ५ फुटांत गेलाच नाहीत, म्हणजे ऑपॉर्च्युनिटी अटॅकचा (शत्रूजवळून निघताना त्याला मिळणाऱ्या फुकट वाराचा) प्रश्नच येत नाही. आणि म्हणूनच घोड्याची अ‍ॅक्शन डिसएन्गेजवर वाया घालवायची नाही! इथे सगळे चुकतात, मीही वर्षभर चुकलो. लान्स असेल तर घोड्याला डॉज करायला लावा. डॉज केला की घोड्यावरच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज आणि घोड्याला डेक्स्टेरिटी (चपळाई, थोडक्यात डेक्स) सेव्हवर अ‍ॅडव्हान्टेज, पुढच्या टर्नपर्यंत. तलवार वापरत असाल तर जवळ जावंच लागतं, तेव्हा डिसएन्गेज. लांब पळायचं असेल तर डॅश, १२० फूट, आणि तुमची स्वतःची अ‍ॅक्शन अजून मोकळीच.

लक्षात ठेवा, घोड्याचा डॉज घोड्यापुरता. तुमच्यावर बाण मारला तर तो नेहमीसारखाच लागणार. आणि घोड्याच्या चालण्यामुळे ऑपॉर्च्युनिटी अटॅक आला तर मारणारा ठरवतो कोणाला मारायचं, तुम्हाला की घोड्याला.

ऑर्कचं उदाहरण मुद्दाम घेतलं. ऑर्कला अ‍ॅग्रेसिव्ह नावाचा गुण आहे, बोनस अ‍ॅक्शनने शत्रूकडे अजून एक चाल पळतो, म्हणजे ३० आणि ३० मिळून ६०. तुम्ही परत ४० फुटांवर आलात म्हणून निवांत बसलात तर तो येऊन कुऱ्हाड घालणार. साध्या ३० स्पीडच्या शत्रूला मात्र ही मारून पळायची खेळी फार छळते, तो डॅश करून जवळ येतो आणि मारायला अ‍ॅक्शनच उरत नाही. गनिमी कावा म्हणा, फक्त मैदान मोकळं पाहिजे.

आता एक मोठी अडचण, आणि हे सेशनच्या आधी ठरवाच. वर मी सांगितलं की घोडा पुढे, तुम्ही मारलं, घोडा मागे. म्हणजे घोड्याच्या चालीच्या मध्ये तुम्ही अ‍ॅक्शन घेतली. नियम म्हणतो घोड्याचा इनिशिएटिव्ह तुमच्याइतकाच, पण दोघांचे टर्न एकात एक मिसळायचे की एकामागून एक, हे त्या अर्ध्या पानात स्पष्ट लिहिलेलं नाही. कडक वाचलं तर दोन वेगळे टर्न, एक संपला की दुसरा. मग घोडा पुढे जाऊन थांबला, त्याचे उरलेले ३० फूट गेले, मग तुम्ही मारलं आणि तिथेच उभे. आम्ही मिसळू देतो. नाहीतर घोडेस्वार असण्यात काय राहिलं.

तुमचा डीएम कडक असेल तरी वाट आहे. आधी तुमचा टर्न घ्या आणि अ‍ॅक्शन रेडी करा: "ऑर्क माझ्या लान्सच्या टप्प्यात आला की मारतो." मग घोड्याचा टर्न, तो पुढे जातो, ऑर्क टप्प्यात येतो, तुम्ही रिअ‍ॅक्शनने (दुसऱ्याच्या टर्नला करता येणाऱ्या एका झटपट कामाने) मारता, घोडा उरलेली चाल घेऊन मागे. काम झालं, पण किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते, रिअ‍ॅक्शन गेली, आणि पाचव्या लेव्हलच्या फायटरचा एक्स्ट्रा अटॅक मिळत नाही कारण तो फक्त स्वतःच्या टर्नला चालतो. लेव्हल ५ च्या आधी फरक पडत नाही, नंतर पडतो.

अजून एक न लिहिलेली गोष्ट: स्वार नेमका कुठे बसलाय? घोडा लार्ज, ग्रिडवर (चौकोनांच्या नकाशावर) दोन बाय दोन, चार चौकोन. तुम्ही मीडियम, एक चौकोन. मग तुम्ही चारपैकी कोणत्या चौकोनात? काही टेबलांवर एक चौकोन ठरवतात आणि मग प्रत्येक टर्नला "मी शेपटीकडे बसलोय की मानेकडे" अशी चर्चा होते. आम्ही ठरवलंय की स्वार घोड्याच्या अख्ख्या जागेत आहे, अंतर घोड्याच्या कडेपासून मोजायचं. भांडण मिटलं.

माउंटेड कॉम्बॅटंट हे फीट (कॅरेक्टरला घेता येणारं खास कौशल्य) घ्यायचं का? घोडा हीच तुमच्या कॅरेक्टरची ओळख असेल तर डोळे झाकून घ्या. तुमच्या घोड्यापेक्षा लहान आणि स्वतः पायी असलेल्या शत्रूवर जवळून मारताना अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे लार्ज घोड्यावरून सगळ्या मीडियम शत्रूंवर. (ओगर स्वतःच लार्ज, त्याच्यावर नाही. आणि मास्टिफवर बसलेल्या हाफलिंगला हे फक्त गॉब्लिनच्या साइझपर्यंत.) घोड्यावरचा हल्ला तुम्ही स्वतःवर ओढून घेऊ शकता, त्याला रिअ‍ॅक्शनही लागत नाही. आणि डेक्स सेव्हने अर्धं डॅमेज होणाऱ्या गोष्टींमध्ये घोडा सेव्ह झाला तर शून्य, नाही झाला तर अर्धं. हे शेवटचं का महत्त्वाचं ते पुढे येतंयच.

पडणं

तीन प्रकारे पडता. एक, घोड्याला कोणी त्याच्या मर्जीविरुद्ध हलवलं, म्हणजे थंडरवेव्ह या स्पेलने (मंत्राने) १० फूट ढकलला किंवा ऑर्कने शव्ह करून ५ फूट सरकवला (मीडियम प्राणी लार्जला शव्ह करू शकतो, एक साइझपर्यंत चालतं), तर तुम्ही डीसी १० चा डेक्स्टेरिटी सेव्ह करायचा, नाहीतर खाली, प्रोन, घोड्यापासून ५ फुटांत. दोन, तुम्हालाच कोणी प्रोन केलं, तोच सेव्ह. तीन, घोडाच आडवा झाला, तर रिअ‍ॅक्शन वापरून उडी मारा आणि पायांवर उभे राहा, रिअ‍ॅक्शन शिल्लक नसेल तर प्रोन. २०२४ मध्ये ही रिअ‍ॅक्शनची भानगड काढली, तिन्हीला तोच डीसी १० चा सेव्ह.

डीसी १० ऐकायला सोपा वाटतो. पण घोड्यावर बसतं कोण, तर जड चिलखतवाला पॅलाडिन (धर्मयोद्धा) ज्याने डेक्स्टेरिटी ८ ठेवलीय, त्याला -१, म्हणजे अर्ध्या वेळा तो खाली. त्याच मिलिटरी सॅडलच्या अ‍ॅडव्हान्टेजने हे चारातून एकदा होतं. २० नाण्यांत मांड इतकी पक्की होते तर अजून काय पाहिजे. कॅव्हेलियर (घोडेस्वार प्रकारचा) फायटर असाल तर हा अ‍ॅडव्हान्टेज तिसऱ्या लेव्हललाच मिळतो आणि चढायला उतरायला फक्त ५ फूट.

उडणाऱ्या प्राण्यावर असाल तर हाच विषय जिवावर बेततो. ग्रिफन ८० फूट उडतो, मस्त, पण हवेत तो प्रोन झाला की तरंगत नाही, पडतो. दर १० फुटांना १डी६, म्हणजे १०० फुटांवरून १०डी६, सरासरी ३५. उडणाऱ्याला एक्झॉटिक सॅडल लागतंच, ६० सोन्याचं. आणि पार्टीतल्या विझार्डला फेदर फॉल घ्यायला लावा, लेव्हल १ चं स्पेल आहे, पाचजणांना पुरतं, त्याला चहा पाजा, काहीही करा.

घोडा मरणं

हे कोणी आधी सांगत नाही. फायरबॉल ८डी६, सरासरी २८. घोड्याचा सेव्ह झाला तरी १४. रायडिंग हॉर्सचे एचपी १३. म्हणजे पाचव्या लेव्हलनंतर शत्रूकडे एखादा बरा विझार्ड असेल तर तुमचा घोडा सेव्ह होऊनसुद्धा बहुतेक वेळा मरतो. वॉरहॉर्स १९ चा, तो सेव्ह झाला तर बहुतेक वाचतो. (म्हणून वर म्हटलं की सुरुवातीला रायडिंग हॉर्स, नंतर बदला. आणि म्हणूनच ते फीट, सेव्ह झाला तर शून्य.)

लेव्हल वाढते तसे तुमचे एचपी वाढतात, घोड्याचे नाही. हा या नियमांमधला खरा खड्डा आहे, आणि त्यातून नीट बाहेर काढतं ते पॅलाडिनचं फाइन्ड स्टीड हे स्पेल. पाचव्या लेव्हलला मिळतं, १० मिनिटांचं कास्टिंग, आणि घोड्याच्या रूपात एक आत्मा येतो. त्याची बुद्धी निदान ६, तुमची एक भाषा त्याला कळते, मैलभर अंतरापर्यंत मनातल्या मनात बोलता येतं. तो ० एचपीला आला की नाहीसा होतो, परत कास्ट केलं की तोच परत येतो, सगळे एचपी भरून. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असायचे ना, शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगीराचा सरकारी पागेतला. विकत घेतलेल्या घोड्यावरचा फायटर म्हणजे शिलेदार, घोडा मेला की ४०० नाणी बुडाली. फाइन्ड स्टीडवाला पॅलाडिन म्हणजे बारगीर, घोडा वरच्या पागेतून आलाय, मेला तर दुसऱ्या दिवशी हजर.

शिवाय त्याच्यावर बसलेले असताना फक्त स्वतःवर टाकलेलं स्पेल त्यालाही लागू करता येतं. शील्ड ऑफ फेथ एकदाच टाकायचं, दोघांना +२ एसी. एक तोटा मात्र गमतीचा, भाषा कळते म्हणून शत्रूचं कमांड स्पेलही त्याला कळतं. साध्या घोड्याला कितीही ओरडून सांगा थांब, त्याला भाषाच येत नाही तर स्पेल लागू होत नाही. फाइन्ड स्टीडचा घोडा ताब्यातला धरायचा की स्वतंत्र, हे बुद्धीमुळे वादाचं होतं, आम्ही दर लढाईच्या सुरुवातीला पॅलाडिनलाच निवडू देतो, मध्येच बदलायचं नाही. २०२४ मध्ये या घोड्याला स्वतःचा वेगळा स्टॅट ब्लॉक दिलाय, जो स्पेल स्लॉटच्या (स्पेल टाकायला खर्च होणाऱ्या शक्तीच्या) लेव्हलप्रमाणे वाढतो.

डीएम लोकांनो, घोडा ० ला आला की मरतो की त्याला डेथ सेव्ह (मरण टाळायचे फासे) मिळतात, हे पहिल्या सेशनला सांगून टाका. साधारणपणे मॉन्स्टर ० ला मरतात पण खास प्राण्यांना डेथ सेव्ह द्यायची मुभा डीएमला आहे, मी नाव ठेवलेल्या प्रत्येक घोड्याला देतो. शत्रूने घोड्यावर नेम धरायचा का? हुशार शत्रूने धरायचा, हॉबगॉब्लिनच्या तुकडीने घोडा सोडून चिलखतवाल्यावर बाण वाया घालवले तर ते मूर्ख दिसतात. पण दर लढाईत पहिला बाण घोड्यालाच असं केलंत तर तो प्लेअर परत कधी घोडा घेणार नाही, माझ्याकडून हे एकदा झालंय.

मैदान आणि कागद

घोड्याला जागा लागते आणि डन्जनमध्ये (भुयारात) ती नसते. ५ फुटांच्या बोळात लार्ज घोडा अंग चोरून जाऊ शकतो, पण प्रत्येक फुटाला एक फूट जास्त, त्याच्या हल्ल्यांना आणि डेक्स सेव्हला डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि त्याच्यावर मारणाऱ्यांना अ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे आत नेऊच नका. शिडी तर विसराच. इथे मास्टिफवाला हाफलिंग सगळ्यांवर हसतो, कुत्रा मीडियम, एका चौकोनात मावतो, स्पीड ४०, किंमत २५, दारातून जिन्यातून सगळीकडे जातो, आणि २०१४ ची लान्स हेवी नाही त्यामुळे हाफलिंगला ती बिनधास्त चालते. आमच्याकडे एकाने मोत्या नावाचा मास्टिफ घेतला होता. त्याचे एचपी फक्त ५, त्यामुळे मोत्या गेला, मग मोत्या दुसरा आला, मग मोत्या तिसरा.

नकाशाचं गणित करून बघा: एक इंच म्हणजे ५ फूट धरलं तर ए-फोर कागदावर साधारण ८ बाय ११ चौकोन बसतात, म्हणजे ४० बाय ५५ फूट. घोडा एका टर्नला ६० फूट जातो, म्हणजे तुमचा अख्खा कागद ओलांडून टेबलावरच्या फरसाणात. घोडेस्वार पार्टीत असेल तर दर दोन तीन लढायांमागे एक तरी उघड्यावर ठेवा, निदान २०० फूट, चार्ट पेपर जोडा किंवा अर्ध्या इंचाचा चौकोन धरा. आणि मोकळं मैदान म्हणजे नुसतं सपाट नको, मध्ये ओढा, चिखल, एखादं कुंपण टाका, म्हणजे स्वाराला विचार करावा लागतो की घोडा कुठून घालायचा.

घोड्याची मिनिएचर आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळाली तर महाग. बुद्धिबळातला घोडा घ्या, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा दोन इंच बाय दोन इंचाचा चौकोन कापून त्यावर चिकटवा, झाला लार्ज टोकन. स्वार उतरला की त्याची सोंगटी वेगळी ठेवायची. आणि घोड्याचे एचपी, एसी, या टर्नला डॉज केला की डॅश, हे एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती प्लेअरच्या समोर ठेवा, डीएमच्या समोर नाही. तुमच्याकडे आधीच आठ ऑर्क आहेत सांभाळायला.